नको म्हणायची शिकवणी

आमच्याकडं पंगतीतलं पहिलं ‘नको’ कुणी खरं मानत नाही. वाढणारी बाई पोळी घेऊन पुढं येते, जेवणारा ‘नको नको’ करतो, ती तरीही वाढते आणि तो वाढलेलं गुपचूप संपवतो. पोट खरंच भरलं असेल तर ताटावर आडवा हात धरायचा, तरच सुटका. माझं माहेर लोह्याकडचं आणि सासर लातूरचं, पण ही रीत दोन्हीकडं सारखीच. त्यामुळं ज्याला नको म्हणताच येत नाही असं माणूस मी पन्नाशी गाठेपर्यंत पाहिलं नव्हतं. पाहिलं तेव्हा ते आठ वर्षांचं होतं आणि त्याच्या डोक्यात उवांनी जखमा केल्या होत्या.

मी लातुरात मुलींच्या बालगृहात कामाला आहे. कागदावर काळजीवाहक, पोरींच्या तोंडी मावशी. पोरींना उठवायचं, अंघोळी उरकायच्या, वेण्या घालायच्या, शाळेत पाठवायचं, भांडणं सोडवायची, ताप आला की उशाशी बसायचं. लोक आमच्या बालगृहाला अनाथाश्रम म्हणतात. वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्या बायका पोरींच्या गालाला हात लावून, ‘बिचारीला कुणीच नाही गं’ म्हणतात. मला तेव्हा त्यांच्या हातातला केक काढून घ्यावासा वाटतो. आमच्या बहुतेक पोरींना कुणी ना कुणी आहे. आहे म्हणूनच त्या इथं आल्यात.

ही पोरगी आली ती येळवशीच्या दुसऱ्या दिवशी. लातूरच्या बाहेरच्या माणसाला येळवस सांगावी लागते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागातलं झाडून सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप उभी करायची, आत चुना लावलेले दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग दिवसभर जेवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, खीर, आणि मडक्यातली आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. त्या दिवशी शहरातसुद्धा बाजार बंद असतो आणि गावात तर कुत्रंही राहत नाही, तेही भाकरीच्या वासानं मागं मागं शेतात जातं.

जळकोटकडच्या तिच्या गावात त्या वर्षीही असंच झालं. सगळे गेले. शेजारची एक बाई आंबील ढवळायचा डाव विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आली, आणि त्या मोकळ्या गावात तिला खरवडल्यासारखा आवाज ऐकू आला. आवाज रोजच होत असणार. पण रोज गिरणी चालू असते, पोरं ओरडत असतात, म्हशी असतात. बाईनं कान दिला, शेजारघराच्या मागच्या खोलीची कडी काढली, तर आत ही, हातात जर्मनची ताटली, त्या ताटलीनं दार खरवडत बसलेली. बाईनं तिला उचलून कुठं शेतात नेलं नाही, गावातल्या चार माणसांनाही विचारलं नाही. तिनं आपल्या पोराच्या मोबाईलवरून मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. ती बाई मी कधी पाहिली नाही. भेटली तर तिच्या पाया पडेन.

पोरीची आई वारलेली, बाप कामाला म्हणून गेला तो परत आला नाही. सांभाळायला चुलता आणि चुलती. चुलत्यानं पोलिसांना सांगितलं की पोरगी डोक्यानं कमी आहे, विहिरीकडं पळते, म्हणून कोंडत होतो. गावालाही त्यानं हेच सांगितलं होतं आणि गावानं ऐकून घेतलं होतं. विहिरीकडं पळणारीला कोंडतात असं एक वेळ धरून चालू. पण तिला अंघोळ का घालत नव्हते, हे काही कुणी त्याला विचारलं नाही. माझ्यासमोर असता तर मी विचारलं असतं.

डोक्यानं ती कमी नव्हती. शाळेत घातल्यावर काही महिन्यांत बाराखडी वाचायला लागली. तिचं एकच होतं. तिला काहीही विचारलं तरी ती ‘हाव’ म्हणायची, म्हणजे हो.

पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटलं, काय गुणाची पोरगी आहे. अंघोळ करते का? हाव. झोपते का? हाव. भात वाढू का? हाव. अजून वाढू का? हाव. उपाशी राहिलेलं लेकरू म्हणून स्वयंपाकाच्या बाईनं तिला मायेनं वाढलं आणि पोरगी खात राहिली. मग उठून मोरीपर्यंत जायच्या आत तिला उलटी झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून तिचं ताट मी स्वतः वाढायला लागले आणि तिला विचारायचं बंद केलं.

बाकीच्या पोरींना हे लवकर कळलं. लेकरं ती लेकरंच, त्यात आमची पोळलेली. ‘तुझी चप्पल घेऊ का?’ ‘हाव.’ ‘तुझा डबा मी खाऊ?’ ‘हाव.’ मग पुढची पायरी आली. आरसा फुटला की बोट हिच्याकडं. ‘तू फोडला का गं?’ ‘हाव.’ चादर फाटली, नळ चालू राहिला, कुणाचं खोडरबर गेलं, सगळं हिच्या नावावर. आमच्याकडं त्या दिवसांत एवढे गुन्हे झाले आणि गुन्हेगार एकच. शाळेतल्या बाईंनी तर तिला न केलेल्या चोरीसाठी वर्गाबाहेर उभं केलं. मी जाऊन त्या बाईंशी असं भांडले की मला ऑफिसात बोलावणं आलं. आमच्या अधीक्षिका मॅडम म्हणाल्या, तुम्ही जरा शांत राहायला शिका. मी हाव म्हटलं आणि शिकले नाही.

मग मी तिची शिकवणी घ्यायचं ठरवलं. दुपारी शाळा नसली की तिला स्वयंपाकघरात शेंगा निवडायला जवळ बसवायची आणि गमतीगमतीत विचारायची. मला वाटायचं, इतकं अचाट काहीतरी विचारावं की पोरगी हसून नको म्हणेल. ‘मीठ खाते का मूठभर?’ मी एकदा विचारलं. तिनं ‘हाव’ म्हटलं आणि हात पुढं केला. तळहात सपाट धरून, डोळे खाली घालून. स्वयंपाकाची बाई हसली, मग तिचं हसणं आपोआप थांबलं. मी त्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. तो तिनं खाल्ला, पण तोंडावर काही उमटलं नाही. मीठ ठेवलं असतं तरी तिनं असंच खाल्लं असतं, याची मला खात्री आहे.

महिन्यातून दोनदा समुपदेशक ताई यायच्या. त्या म्हणाल्या, या पोरीनं ‘नाही’ म्हटल्यावर आजवर काहीतरी वाईटच झालंय, ते तिच्या अंगात बसलंय, घाई करू नका. मी घाई करत नव्हते. पण रोज सकाळी वेण्या घालताना माझा जीव खालीवर व्हायचा. बाकीच्या पोरी फणी लागायच्या आधीच आई आई करून छप्पर डोक्यावर घेतात. हिच्या केसांत गुंता, खाली खपल्या, आणि मी कितीही जपून हात चालवला तरी ओढ बसायचीच. ती मान ताठ धरून भिंतीकडं बघत बसायची. श्वाससुद्धा मोठा घ्यायची नाही. ‘दुखतंय का?’ विचारलं तर हाव म्हणायची, आणि ‘दुखत नाही ना?’ विचारलं तरी हावच म्हणायची.

या सगळ्यात चुलत्यानं बाल कल्याण समितीकडं अर्ज केला, की पुतणी आमच्या ताब्यात द्या. त्याला अचानक माया फुटली नव्हती. त्याची थोरली मुलगी लग्नाला आली होती आणि सोयरीक जुळायची थांबली होती. पाहुणे म्हणायचे, भावाची पोरगी कोंडली म्हणून ज्यांच्या घरी पोलीस आले त्यांच्याकडची मुलगी कशाला? पुतणी परत घरात दिसली की गावाचं तोंड बंद होणार होतं. एवढा साधा हिशेब होता.

समितीतल्या लोकांनी पोरीला जवळ बसवून, दार ओढून घेऊन, नीट विचारलं. काकांकडं जायचंय का बाळा? ती हाव म्हणाली. मला हे कळलं तेव्हा मी मॅडमना म्हटलं, तिला चंद्रावर जाते का विचारा, तरी हावच म्हणेल. मॅडम म्हणाल्या, हे मला माहीत आहे, ताईंनीही तसं समितीला लिहून दिलंय, पण समितीला लेकराचं मत घ्यावंच लागतं. शेवटचा निर्णय येळवशीनंतरच्या बैठकीत होणार होता. म्हणजे पोरीचं पुढचं सगळं आयुष्य एका शब्दावर टांगलेलं, आणि तो शब्द तिच्यापाशी नव्हताच.

आता आप्पांचं सांगते. आप्पा आमच्या संस्थेचे विश्वस्त, नांदेड रस्त्याला त्यांचं शेत. त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. दर वर्षी ज्वारी तेच पाठवतात, आणि पोरींसोबत फोटो काढून कधी कुठं टाकत नाहीत. पण आप्पा म्हणजे जुन्या वळणाचा माणूस. कुठलाही तंटा चार माणसांत बसून, एका ताटात जेवून मिटतो, अशी त्यांची श्रद्धा. बांधाची भांडणं त्यांनी मिटवली, नवरा-बायकोंच्या काडीमोडी थांबवल्या. चुलता त्यांच्या लांबच्या नात्यातला निघाला. तो जाऊन पाया पडला, आणि आप्पांनी मनाशी ठरवून टाकलं.

येळवशीला त्यांनी सगळ्या पोरींना शेतात बोलावलं. टेम्पो पाठवला, मॅडमही सोबत निघाल्या. भोकरकडच्या दोन पोरींना येळवस म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, त्या वाटभर विचारत होत्या की देव कोणता. ही माझ्याजवळ बसली होती. बरोबर एक वर्ष झालं होतं तिला. मी मनात म्हटलं, मागच्या वर्षी सगळं गाव शेतात गेलं आणि ही राहिली, या वर्षी हिनं पोटभर शेत पाहावं. तिला बालगृहात मागं ठेवायचा तर प्रश्नच नव्हता.

शेत छान होतं. हरभरा गुडघ्याला लागत होता, करडीला काटे धरले होते. कोपीवर हिरवी शाल टाकलेली. पोरी उतरल्या आणि हरभऱ्यात घुसल्या. ही कोपीपाशीच उभी राहिली. कोपीला दार नसतं, हे ती बघत असावी असं मला वाटलं, पण ते माझं मन. आप्पांनी शेताला फेरी मारून आंबील शिंपडली आणि पंगत बसली.

तेव्हा बांधावरून तो चुलता आला, मागून चुलती, हातात नव्या फ्रॉकची पिशवी. मी त्यांना समितीच्या दारात पाहिलं होतं, ओळखलं. पोरीनंही ओळखलं. ती ओरडली नाही, पळाली नाही. फक्त मांडी घालून बसली होती ती उकिडवी झाली, जागा कमी लागावी तशी. मी मॅडमकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, म्हणजे त्यांनाही सांगितलेलं नव्हतं. समितीच्या परवानगीशिवाय त्या माणसांनी लेकरासमोर येणं बरोबर नव्हतं, पण आप्पांच्या शेतात, आप्पांच्या पंगतीत ते बोलायचं कुणी?

चुलतीनं वाढायला घेतलं. सगळ्यांना सोडून ती आधी पोरीकडं आली. उंडा घे गं माय. हाव. भज्जी घे. हाव. अजून एक उंडा. हाव. खीर. हाव. पोरगी खात होती. भोवतालच्या बायकांचे डोळे भरून आले. एक म्हणाली, रक्ताचं नातं ते रक्ताचं. मी मात्र पोरीच्या गळ्याकडं बघत होते. घास खाली जाईनासा झाला होता आणि ती तो ढकलत होती. मी पुढं होऊन तिच्या ताटावर माझा आडवा हात धरला.

चुलती थांबली. आप्पांना ते आवडलं नाही, पण ते हसले. त्यांनी चार माणसांकडं पाहिलं, पोरीपाशी खाली बसले आणि मायेनं विचारलं, “बाळ, जायचं का घरला, काकूसंगं?”

“हाव,” ती म्हणाली.

आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. बघा, म्हणाले, लेकरू स्वतःच्या तोंडानं म्हणून राहिलंय, आता अजून काय पाहिजे? झालं गेलं शेताला वाहा. पुढच्या बैठकीत हेच सांगायचं, सगळ्यांनी. मी म्हटलं, आप्पा, ती सगळ्यालाच हाव म्हणते. चुलता म्हणाला, बाईला लेकरू सोडवंना झालंय, पगारी माया. एक-दोन माणसं हसली.

मला राग लवकर येतो, हे एव्हाना कळलंच असेल. पण तो राग नव्हता. मला भीती वाटली, थंडगार, कारण मला दिसलं की या चांगल्या माणसांसमोर हे असंच ठरून जाणार, पोटभर जेवून, डोळे पुसून. मी पोरीसमोर बसले. माझाच आवाज मला ऐकू येत होता. मी विचारलं, “तुला परत त्या खोलीत घालून बाहेरून कडी लावू का?”

“हाव,” ती म्हणाली. त्याच आवाजात, ज्या आवाजात ती खिरीला हाव म्हणाली होती.

पंगतीतले हात थांबले. चुलता म्हणाला, लेकराला काय कळतंय. मी म्हटलं, “आत्ता घरला जायला हाव म्हणली तवा कळत होतं ना?” चुलती तोंडाला पदर लावून रडायला लागली. ते रडणं खरं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. आप्पांनी समोरचं ताट बाजूला सारलं. तेवढ्यानं संपलं असतं तर मीही विसरले असते. पण पोरगी उठली. तिनं आपलं अर्ध्या उंड्याचं ताट उचललं, दुसऱ्या हातानं फ्रॉकची पिशवी घेतली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “ताट घासून ठिवू का आधी?”

ती जायला निघाली होती. मीच पाठवतेय असं समजून. आमच्याकडं येऊन वर्ष झालं तरी तिनं स्वतःहून कुणाला काही विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं ते हे. मी तिच्या हातातून दोन्ही वस्तू काढून घेतल्या आणि तिला पोटाशी धरली. तिला सांगितलं, तू कुठं जायची नाहीस, तू माझ्यासोबत टेम्पोत बसायची आहेस. विचारलं नाही, सांगितलं. टेम्पोत बसायच्या आत तिला बांधावर उलटी झाली. मी तिची पाठ चोळत होते आणि रडत होते, आणि पलीकडं आमच्या पोरी हरभऱ्याचे डहाळे तोडून ओटीत भरत होत्या.

बैठकीला आप्पा स्वतः आले. त्यांनी समितीला सांगितलं की मी चुकलो, आणि शेतात काय ऐकलं तेही सांगितलं. एवढ्या वयाच्या माणसाला ते सोपं गेलं नसेल. समितीनं पोरीला तूर्त आमच्याकडंच ठेवलं. तूर्त हा शब्द आमच्या कामात फार येतो. चुलता पुन्हा अर्ज करू शकतो, करेलही. त्याच्या मुलीची सोयरीक अजून जुळलेली नाही.

पोरगी अजून हाव म्हणते. चप्पल द्यायला, डबा द्यायला. थोरल्या पोरींना मी एकदा बसवून सांगितलं, शेतात काय झालं ते त्यांनीही पाहिलंच होतं, त्यामुळं आता तिच्या नावावर आरसे फुटत नाहीत. एवढाच फरक. मला रोज वाटतं, ही मोठी होईल, शाळेतून, रस्त्यातून एकटी जाईल, कुणीही काहीही विचारेल. तेव्हा ताटावर आडवा हात धरायला मी कुठं असणार? या विचारानं मला घास गोड लागत नाही.

परवा सकाळी मी तिची वेणी घालत होते. शाळेची घाई, पाठीमागं रांगेत पोरी उभ्या, कुणाची रिबन सापडत नाही म्हणून गोंधळ. माझं लक्ष नव्हतं आणि फणी गुंत्यात जोरात ओढली गेली. तिची मान मागं आली. मग ती हळूच, भिंतीकडं बघतच म्हणाली, “दुखून राहिलंय.”

मी काही विचारलं नव्हतं. मी फणी बाजूला ठेवली आणि तो गुंता बोटांनी सोडवत बसले. त्या दिवशी सगळ्यांनाच शाळेला उशीर झाला.